उभ्या पिकाचे तारण

शासनाने धोरण आखावे, उद्योगाने भांडवल आणावे आणि दोघांनी मिळून देशाची भरभराट साधावी, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यात काही प्रश्न दडला असेल असे आता कोणास वाटत नाही. अर्थमंत्र्यांच्या भाषणात ते असते, उद्योगपतींच्या मेळाव्यात असते, आणि अलीकडे आपल्या ख्रिस्ती संस्थांच्या अहवालांतही ते डोकावू लागले आहे. दोन समर्थ पक्षांनी एकमेकांस साहाय्य करावे यात वाईट ते काय? वाईट काहीच नाही. परंतु पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्यास एक खोड जडते. वाक्यातील कर्ता कोण आणि कर्म कोण हे पाहिल्याविना त्यास पुढे जाता येत नाही. या वाक्यात कर्ते दोन आहेत. कर्म कोण आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास मी वाचकांस दूर दक्षिणेत घेऊन जाणार आहे. मात्र प्रदेश अगदीच परका नव्हे. तंजावरपासून थोड्याच अंतरावर, उत्तरेस कावेरीकाठी तिरुवैयारु हे गाव आहे. नावाचा अर्थच मुळी पवित्र पाच नद्या असा आहे: कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णार, वेट्टार आणि वडवार. संत त्यागराजांची समाधी येथे आहे व दरवर्षी पुष्य वद्य पंचमीस गायक-वादक तेथे जमतात, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. सुमारे 1676 पासून पावणेदोनशे वर्षे या प्रदेशावर भोसल्यांचे राज्य होते, दरबाराचा कारभार मोडीत लिहिला जात होता, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली सरफोजीराजांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, हेही अनेकांनी वाचले असेल. पण या भाताच्या मुलखात राज्यसत्ता आणि व्यापार यांची गाठ कशी पडली, एकदा कशी आणि दुसऱ्यांदा कशी, ही कथा मराठी वाचकांत फारशी सांगितली जात नाही. ती सांगण्याजोगी आहे, कारण दोन्ही प्रसंगांत जेमतेम पाच वर्षांचे अंतर आहे. नद्या त्याच, शेते तीच, आणि फळ मात्र अगदी उलट.

पहिला प्रसंग असा. 1773 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने अर्काटचा नबाब मुहम्मद अली याच्यासाठी तंजावर जिंकले आणि तुळजाजी राजे कैदेत पडले. नबाब कर्जात बुडालेला होता. त्याचे सावकार कोण? मद्रासेतील कंपनीचेच नोकर. दिवसा ते कंपनीच्या गादीवर बसून राज्यकारभार करीत आणि त्याच राज्यकारभारात ज्याचे हित गुंतले होते त्या नबाबास खाजगीत मोठ्या व्याजाने पैसा देत. या कर्जापोटी नबाबाने तंजावरचा महसूल सावकारांस लावून दिला. पॉल बेनफिल्ड हा त्यांतील नामांकित. याचा पगार वर्षाला काही शे पौंड. पण 1776 साली कंपनीच्या वरिष्ठांच्या आज्ञेने गव्हर्नर लॉर्ड पिगट याने तंजावर तुळजाजींना परत दिले, तेव्हा हा गृहस्थ पुढे आला व म्हणू लागला की माझे 2,34,000 पौंड या प्रांतावर येणे आहेत. त्यांपैकी 1,62,000 नबाबाने लावून दिलेल्या महसुलावर, आणि उरलेले 72,000 रयतेच्या पिकावर.

रयतेच्या पिकावर, हे शब्द वाचकांनी जरा थांबून पुन्हा वाचावेत. तिरुवैयारुच्या आसपास गुडघाभर पाण्यात वाकून ज्याने रोपे लावली त्याने बेनफिल्डचे तोंडही पाहिले नसेल. त्याचा धनी बदलला, धन्याने कर्ज काढले, आणि त्याच्या शेतातील पीक मद्रासेतील एका कारकुनाच्या वहीत तारण म्हणून जमा झाले.

मद्रासेच्या कौन्सिलाने प्रथम हा दावा फेटाळला आणि मग बहुमताने मान्य केला. पिगटने विरोध केला. तेव्हा 24 ऑगस्ट 1776 रोजी कौन्सिलातील बहुमतवाल्यांनी आपल्या गव्हर्नरासच अटक करविली. साडेआठ महिने कैदेत राहून 1777 च्या मे महिन्यात तो मरण पावला. पुढे इंग्लंडात चौकशी झाली, चार जणांस प्रत्येकी एक हजार पौंड दंड झाला, आणि त्यांनी तो भरला. एवढ्या पैशाच्या राशीपुढे हजार पौंड म्हणजे काय ते सांगावयास नको. एडमंड बर्कने 1785 साली पार्लमेंटात या कर्जांवर जे प्रदीर्घ भाषण केले ते आजही वाचले जाते. बेनफिल्ड स्वतः पार्लमेंटचा सभासद झाला होता. त्याचा शेवट पॅरिसमध्ये 1810 साली दारिद्र्यात झाला, पण ते आपल्या विषयाला सोडून आहे. दुष्टांच्या अखेरीत समाधान मानण्याची सवय स्तोत्रकर्त्यालाही नडली होती.

आता ध्यानात घ्या की येथे शासन आणि व्यापार यांचे सहकार्य नव्हते असे नाही. सहकार्य पूर्ण होते. किंबहुना ते इतके पूर्ण होते की राज्यकर्ता कोठे संपतो आणि व्यापारी कोठे सुरू होतो हे ओळखता येत नव्हते. भांडवल होते, धोरण होते, करार होते, दस्तऐवज होते. नव्हता तो फक्त तिसरा.

दुसरा प्रसंग 1781 चा. हैदर अलीची फौज तंजावर प्रांतात शिरली. घोडदळाने गुरे नेली, पाटबंधारे फोडले, गावे ओस पडली. त्यागराज त्या वेळी चौदा वर्षांचे होते. तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. शिपाई उभ्या उभ्या कोसळत आणि रोज सकाळी रस्त्याच्या कडेला प्रेते दिसत. विशेष असे की प्रांतात धान्य अजून होते. ते किल्ल्यात आणावयास बैल हवे होते आणि बैल शेतकऱ्यांपाशी होते. ते मात्र कोणी देईना. राजाने हुकूम सोडले, कारभाऱ्यांकरवी विनवण्या केल्या, उपयोग शून्य. कारण पूर्वी जेव्हा जेव्हा लोकांनी किल्ल्यात भात आणून घातले तेव्हा मधल्या दुभाष्यांनी त्यांचे पैसे गिळले होते. लोक आपली गुरे हाकून दूर घेऊन गेले.

अशा वेळी राजा असे बोलला की तुमची व आमची, दोघांचीही पत गेली आहे. तेव्हा लोक पाद्री श्वार्ट्झवर विश्वास ठेवतात का ते पाहावे. ख्रिस्तियन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा 1726 साली जर्मनीत जन्मलेला मिशनरी. 1750 साली तरंगंबाडीस उतरला, पुढे तिरुचिरापल्लीस व नंतर तंजावरास राहिला. तमिळ तर त्यास उत्तम येत होतीच, तंजावरच्या दरबारामुळे त्याने मराठीही शिकून घेतली. त्याला कोरा अधिकारपत्र देण्यात आला. त्याने गावोगाव पत्रे पाठविली आणि शब्द दिला की ज्याचे जे होईल ते मी माझ्या हाताने देईन. दोन-तीन दिवसांत हजाराहून अधिक बैल आले. आपला एक उपदेशक व काही ख्रिस्ती मंडळी यांस त्याने प्रांतात पाठविले. जीव धोक्यात घालून ते गेले आणि त्यांनी 80,000 कलम धान्य किल्ल्यात आणून पोहोचविले. कलम हे त्या मुलखातले धान्याचे माप. किल्ला वाचला. नंतर श्वार्ट्झने लोकांचा हिशेब चुकता केला. त्यासाठी दुसऱ्यांची आपल्यापाशी असलेली काही रक्कमही त्याने वापरली, वर प्रत्येकास थोडी भेट देऊन त्यांस घरी लावले.

काही वर्षांनी असाच आणखी एक प्रसंग आला. पुत्रपौत्रांच्या मृत्यूने खचलेल्या तुळजाजींनी कारभार एका मंत्र्यावर सोडला, त्याने रयतेस इतके पिळले की 65,000 माणसे प्रांत सोडून गेली. शेते पडून राहिली. पुन्हा राजाची वचने निष्फळ ठरली, पुन्हा श्वार्ट्झला मध्ये घालण्यात आले, आणि एका दिवसात 7,000 लोक परतले. बाकीचे त्यांच्या मागून आले. पेरणीचा उत्तम हंगाम जवळजवळ सरला होता. तरीही लोक रात्रंदिवस राबले आणि त्या वर्षीचे पीक आदल्या वर्षाहून अधिक आले.

अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने या घटनेकडे नीट पाहावे. पाऊस वाढला नव्हता, जमीन वाढली नव्हती, भांडवल आले नव्हते, यंत्र आले नव्हते. उत्पन्न वाढले ते केवळ एका गोष्टीमुळे: पेरणाऱ्याला वाटू लागले की पीक आपल्या हाती पडेल. इतके साधे. नवी वखार घालण्यापूर्वी, नवी योजना जाहीर करण्यापूर्वी, जो बैल घेऊन येणार आहे त्याचा मागच्या खेपेचा हिशेब चुकता झाला आहे की नाही, हे कोणी पाहिले का?

येथे मला आमच्या धंद्यातील दोन शब्दांविषयी थोडे बोलावयाचे आहे. मराठीत पत म्हणजे अब्रू आणि पत म्हणजे उधार मिळण्याची योग्यता. पतपेढी हा शब्द आपण रोज वापरतो, पण पत गेली असे म्हणताना आपण केवळ पेढीविषयी बोलत नसतो. नव्या करारात विश्वास यासाठी जो ग्रीक शब्द येतो, पिस्तिस, त्याचेही असेच आहे. त्या काळच्या बाजारात तो हमीसाठी आणि उधारीसाठीही वापरला जाई. प्रेषित पौलाने तर पवित्र आत्म्याविषयी लिहिताना सरळ बाजारातलाच शब्द उचलला. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आत्म्यास विसार म्हटले आहे, आणि तो कशाचा तर आपल्या वतनाचा. विसार आणि वतन! जुन्या भाषांतरकारांनी हे शब्द कोर्टकचेरीतून आणि कुळकर्ण्याच्या दप्तरातून निवडले, आणि ते योग्यच केले.

दुसरा शब्द तारण. आपण ख्रिस्ती लोक हा शब्द मंदिरात उच्चारतो तेव्हा प्रभूने केलेली मुक्ती मनात असते. तोच शब्द बँकेच्या खिडकीपाशी उच्चारला की गहाण ठेवलेली वस्तू असा त्याचा अर्थ होतो. तरुण होतो तेव्हा मला या योगायोगाची गंमत वाटे. आता वाटत नाही. ऋणको बुडू लागला की धनको ज्यास धरून तरतो ते तारण. प्रश्न एवढाच असतो की तरणार कोण आणि त्यासाठी बुडणार कोण. बेनफिल्डच्या वहीत तंजावरच्या शेतकऱ्याचे पीक तारण होते. म्हणजे नबाब बुडाला तरी बेनफिल्डने तरावे आणि शेतकऱ्याने बुडावे. प्रभूच्या वहीत हा हिशेब नेमका उलटा मांडला आहे: जो धनको तोच स्वतः तारण झाला.

परंतु श्वार्ट्झची कथा सांगून झाली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणे हा भाबडेपणा होईल, आणि आपल्या नियतकालिकांत मिशनऱ्यांच्या चरित्रांच्या बाबतीत तो पुष्कळ झाला आहे. श्वार्ट्झ प्रामाणिक होता यात शंका नाही. 1779 साली कंपनीने त्यास हैदरकडे वकील म्हणून धाडले तेव्हा हैदरने प्रवासखर्चासाठी दिलेली रक्कमही त्याने स्वतःसाठी ठेवली नाही, ती तंजावरच्या शाळेस लाविली. पण प्रामाणिक माणूस एकच होता. तो नसता तर? राजाची पत गेलेली, कंपनीची गेलेली, दुभाष्यांची तर नव्हतीच. एका माणसाच्या शब्दावर प्रांत टांगलेला. 1798 साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याचा लाडका शिष्य सरफोजी याने कंपनीशी तह करून प्रांताचा कारभार तिच्या हवाली केला. राजास दरसाल एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. विद्वान, गुणग्राही, दयाळू राजा. त्याने छत्रे चालविली, ग्रंथ जमविले. शेतकऱ्याचा धनी मात्र पुन्हा बदलला, आणि त्यास कोणी विचारले नाही.

पाचवा हिस्सा म्हणताच योसेफाची आठवण होते. उत्पत्तीच्या 41 व्या अध्यायातील योसेफ हा धोरणी कारभाऱ्याचा आदर्श म्हणून आपल्या उपदेशांत नेहमी येतो: सुकाळाच्या सात वर्षांत पंचमांश धान्य कोठारात, दुष्काळात ते बाहेर. शासकीय नियोजनाचे याहून जुने उदाहरण क्वचित मिळेल. पण व्याख्याते बहुधा 41 व्या अध्यायापाशी थांबतात. 47 वा अध्याय वाचावा. तेथे लोकांचा पैसा संपतो, मग गुरे जातात, मग जमिनी जातात, आणि शेवटी लोक स्वतःलाच फारोला विकून घेतात व आम्हांस वाचविलेत म्हणून आभार मानतात. ज्या कोठारात त्यांचेच धान्य साठविले होते त्या कोठारातून त्यांस ते विकत घ्यावे लागले. पुरोहितांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या. ही नोंद शास्त्राने प्रामाणिकपणे केली आहे आणि आम्हां धर्मसेवकांनी ती विसरू नये. पुढील पुस्तक उघडताच योसेफाचे स्वतःचे वंशज मिसरात विटा थापताना दिसतात. जीव वाचविणारे धोरण आणि दास करणारे धोरण एकच असू शकते काय? उत्पत्तीचा लेखक निवाडा देत नाही. मलाही तो देणे जमलेले नाही. योसेफ नसता तर लोक मेले असते हे खरे. आणि योसेफ होता म्हणून ते बटकीचे जिणे जगले हेही खरे.

योसेफाहून मला या बाबतीत नहेम्या अधिक उपयोगी वाटतो. त्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडलेली आहेत, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढलेले आहे, मुलेमुली दास्यात गेली आहेत. सावकार कोण? परके नव्हेत, यहूदीच. नहेम्या प्रथम संतापतो आणि मग मनाशी विचार करतो (हा क्रम मला फार मानवी वाटतो). नंतर तो तीन गोष्टी करतो. सरदारांस भर सभेत जाब विचारतो. शेते व व्याज परत करविण्याची शपथ याजकांसमोर वाहावयास लावतो. आणि आपण अधिपती असता बारा वर्षे अधिपतीचा शिधा घेतला नाही, जमीन विकत घेतली नाही, असे स्वतःचे जमाखर्च उघडे करतो. हे एका सज्जनाच्या शब्दावर सोडलेले काम नव्हे. तक्रार करणारे सभेत हजर आहेत, करार सर्वांदेखत आहे, आणि अधिकाऱ्याचा हात शेताच्या खरेदीखतावर नाही. शासन आणि धनिक यांनी एकत्र यावे. पण ज्यांचे द्राक्षमळे गहाण आहेत त्यांच्या देखत यावे.

तिरुवैयारुच्या पाण्याची कथाही थोडक्यात सांगतो. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा अति प्राचीन. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कावेरीचे पाणी तिच्या कोल्लिडम फाट्याकडे वाहून जाऊ लागले व डेल्टा सुकू लागला, तेव्हा आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअराने 1836 साली मुक्कोंबूस वरचा बंधारा बांधून पुरा केला. तो धर्मशील ख्रिस्ती होता. कंपनीला मात्र महसूल हवा होता. दोघांचे हेतू एका भिंतीत सामावले आणि शेताला पाणी मिळाले. हेतू शुद्ध असल्याखेरीज हित होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याच बंधाऱ्याचे नऊ दरवाजे 22 ऑगस्ट 2018 रोजी पुरात वाहून गेले. जुने बांधकाम हे कारण होतेच, पण पुष्कळांनी नदीच्या पात्रातील वाळूउपशाकडेही बोट दाखविले. तमिळनाडूत 2003 पासून वाळूचा उपसा शासनाने आपल्या हाती घेतला आहे. बंधारा शासनाचा, वाळूही शासनाची, तिला गिऱ्हाईक बांधकाम-व्यवसाय. आणि नदी खाली, पायऱ्या वर.

आता आजचे सांगतो. 2010 नंतर या डेल्टात कोळशाच्या थरांतील मिथेन वायू काढण्याची योजना आली. मन्नारगुडीच्या परिसरात त्यासाठी एका कंपनीशी करार झाला, शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला, आणि योजना बारगळली. 2020 च्या फेब्रुवारीत तमिळनाडूच्या विधानसभेने कायदा करून तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम हे जिल्हे आणि कडलूर व पुदुकोट्टै यांतील काही भाग संरक्षित कृषी क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेल-वायूचा नवा शोध, जस्त व लोखंड गाळण्याचे कारखाने इत्यादींस तेथे मनाई झाली. आधीपासून चाललेल्या कामांस मात्र त्याने हात लावला नाही. 2023 साली केंद्राच्या कोळसा-लिलावाच्या यादीत डेल्टातील व त्याच्या लगतचे तीन गट दिसले, त्यांतील वडसेरी हा तंजावर जिल्ह्यातला; गदारोळ झाला आणि एप्रिलमध्ये ते वगळण्यात आले.

उद्योगाची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. देशाला ऊर्जा हवी; ती कोठल्या तरी जमिनीखालून येणार. शिवाय भाताच्या शेतीवर आज किती मुले राहतील? तिरुवैयारुच्या आसपासचे तरुण तिरुप्पूरच्या कापडगिरण्यांत, चेन्नईत, आखाती देशांत जातात, आणि बापाला तेच बरे वाटते. संरक्षित या शब्दाचा अर्थ गरिबी सांभाळून ठेवणे असा झाला तर तो कायदा फसला. तंजावरातच एक निराळे उदाहरण आहे. कुरुवै पिकाची कापणी आश्विनाच्या सुमारास, ऐन ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. भात ओले होते, कोंब फुटतात, गिरणीवाला भाव पाडतो. या एका अडचणीवर उपाय शोधण्यासाठी येथे शासनाने भात-प्रक्रियेचे संशोधन केंद्र काढले, आणि तेच वाढत वाढत आज अन्नप्रक्रियेची राष्ट्रीय संस्था झाले आहे. शास्त्रज्ञाने सरकारचा पगार घ्यावा, गिरणीमालकाने त्याची युक्ती घ्यावी, शेतकऱ्याचे ओले भात वाया जाऊ नये. याला मी सहकार्य म्हणतो. येथे तिसऱ्याची अडचण हाच आरंभ होता.

मी स्वतः तिरुवैयारुस गेलो तो पोंगलानंतरच्या आठवड्यात. साम्बा पिकाची कापणी चालू होती. डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर भात पसरलेले, वाहने उरलेल्या अर्ध्यावरून जात. सोबतच्या तमिळ पाळकांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलणे करून दिले. मेट्टूरचे धरण 12 जूनला उघडण्याची जुनी रीत आहे. 2020 साली आठ वर्षांनंतर ती पुन्हा पाळली गेली, आणि 2024 साली जुलै संपता संपता पाणी सुटले. त्यास तारखा तोंडपाठ होत्या, जशा आपणांस सणांच्या असतात. खरेदी केंद्रावर भातात सतरा टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही, म्हणून तो ऊन शोधीत बसला होता. मी विचारले, सरकार ठरलेला भाव देते ना? देते, तो म्हणाला. मग व्यापाऱ्याला का विकता? त्याने पाळकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. केंद्रावर भात आठवडाभर उघड्यावर पडते, पोत्यामागे हमालीच्या नावाने काही द्यावे लागते. व्यापारी कमी देतो पण आज देतो. नीतिसूत्रांच्या 11 व्या अध्यायात धान्य अडवून धरणाऱ्यास लोकांचे शाप आणि ते विकणाऱ्यास आशीर्वाद सांगितले आहेत. अडवून धरणारा व्यापारीच असेल असे तेथे म्हटलेले नाही.

1781 चे दुभाषे मला त्या रस्त्यावर आठवले. राजाचा हुकूम खरा होता, पैसाही खजिन्यातून निघत असावा. मध्ये कोठेतरी तो जिरत होता, आणि बैल दूर हाकले जात होते.

परतल्यावर अनुवादाच्या मेजावर अनुवादाचे 24 वा अध्याय होता (शब्दांचा हा खेळ आमच्या कचेरीत जुना आहे). सहाव्या वचनात कोणाचे जाते, किंवा जात्याची एक पेडही, गहाण घेण्यास मनाई केली आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. कर्ज देऊ नये असे मोशे म्हणत नाही. तारण घेऊ नये असेही म्हणत नाही. पुढल्याच वचनांत झगा गहाण घेण्याचे नियम आहेत, धनकोने घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, ऋणकोने आपल्या हाताने वस्तू आणून द्यावी. व्यवहारास वाव आहे, पण एक वस्तू व्यवहाराबाहेर काढून ठेवलेली आहे. बेनफिल्डला मद्रासेच्या कौन्सिलात कोणी हे वचन वाचून दाखविले असते तर काय झाले असते, सांगता येत नाही. ते सारे रविवारी प्रार्थनेस जात असत. 2020 चा कायदा लिहिणाऱ्यांनी ते वाचले नसेल, परंतु या जिल्ह्यांची जमीन हे जाते आहे एवढे त्यांस उमगले होते. नदीची वाळू हीही पेडच, ते अजून उमगावयाचे आहे.

आमच्या समितीतील तरुण सहकाऱ्याने शंका काढली. आजच्या मुलांनी जाते पाहिलेले नाही. पीठ गिरणीतून येते किंवा पिशवीतून. तेव्हा शब्द बदलावा काय? घरंट, चक्की, दळणाचे यंत्र, असे दोन-चार पर्याय त्याने कागदावर लिहून आणले होते. त्याची शंका रास्त होती आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. एकाने सुचविले की उपजीविकेचे साधन असे सरळ लिहावे, म्हणजे कोणासही कळेल. कळेल खरे, पण कायद्याची पळवाटही तेथूनच सुरू होईल. कोणते साधन उपजीविकेचे आणि कोणते नव्हे, हे ठरविण्यास मग सावकारच बसेल. जात्यावर असा वाद घालता येत नाही. ते घरात असते किंवा नसते.

जाते हा शब्द आम्ही तसाच ठेवला.